घातक कचरा पाठवताना या चुका टाळा: अंबडच्या ड्रमपासून न्हावा शेव्याच्या कंटेनरपर्यंत

नाशिकजवळच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांची घातक कचऱ्याची कामं मी बघतो. ऑथोरायझेशन (प्रदूषण नियंत्रण मंडळाची, म्हणजे बोर्डाची, परवानगी), मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या गाडीसोबत जाणारा कागद), वार्षिक रिटर्न आणि अलीकडे आयात-निर्यातीचे कागदसुद्धा. कारखाने बदलतात, चुका मात्र त्याच असतात. फोन येतो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर: गाडी गेटवरून परत आली, कंटेनर बंदरात अडकला, बोर्डाची नोटीस आली. मूळ चूक त्याच्या कितीतरी आधी, शॉप फ्लोअरवर ड्रमचं झाकण उघडताना झालेली असते. ड्रममध्ये काय आहे हे ज्याला नेमकं सांगता येत नाही, त्याला तो ड्रम रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रालाही नीट पाठवता येत नाही आणि परदेशातही नाही. पुढे जे लिहिलंय ते सगळं शेवटी याच मुद्द्यापाशी येतं.

सगळं एकाच ड्रममध्ये ओतणं

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून हिच्याबद्दल जास्त लिहितो.

वापरलेलं हायड्रॉलिक ऑइल, गिअर ऑइल, इंजिन ऑइल हे २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांत ५.१ या प्रकारात येतं. स्वच्छ ठेवलं तर अधिकृत रिफायनर ते पैसे देऊन घेऊन जातो. त्यासाठी नियमांत मर्यादा दिल्या आहेत: शिसं १०० पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत १००), पीसीबी हे क्लोरीनवालं विषारी रसायन २ पीपीएमच्या आत वगैरे. म्हणजे नीट सांभाळलेला ड्रम हा उत्पन्नाचा भाग असतो, खर्चाचा नाही.

अंबडमधल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात असे बरेच ड्रम साठले होते. मालक खुशीत होता, दर चांगला मिळणार होता. रिफायनरचा माणूस आला, त्याने लांब काचेची नळी तळापर्यंत घालून नमुना काढला आणि नाकाशी नेला. त्याचा चेहराच बदलला. मग त्याने खिशातून तांब्याची तार काढली, लायटरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली, तेलात बुडवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. तेलात क्लोरीनवालं काहीतरी आहे याची ती खूण. त्याने वही मिटली आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

चौकशी केली तेव्हा कळलं की शेजारच्या पेंट बूथमधली मुलं स्प्रे गन धुतलेलं थिनर आणि डीग्रीजिंग (धातूवरचं तेल काढायच्या) टाकीतलं जुनं ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे क्लोरीनवालं द्रावक, त्याच ड्रममध्ये ओतत होती. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ड्रम जवळ होता, झाकण उघडं होतं. सुपरवायझर म्हणाला, ‘साहेब, एखादी बादलीच तर असेल.’ पण ती बादली एका ड्रममध्ये गेली नव्हती. ड्रम हलवताना, रिकामे-भरलेले करताना सगळ्या साठ्यात थोडी थोडी पसरली होती. जे तेल विकलं जाणार होतं, ते आता पैसे मोजून भट्टीत जाळायला पाठवायचं होतं. क्लोरीनवाला द्रव साध्या भट्टीत जाळला तर हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफा आणि डायॉक्सिन तयार होतात, म्हणून त्याला वेगळी, जास्त तापमानाची आणि धूर धुणारी यंत्रणा लागते आणि तिचा दरही तसाच असतो.

त्यावर मालकाचा प्रश्न: ‘अजून चांगलं तेल घालून पातळ केलं तर पास होईल का?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि प्रत्येक वेळी माझा आवाज चढतो. पातळ केल्याने विष कमी होत नाही, फक्त जास्त ड्रममध्ये वाटलं जातं. जो सल्लागार तुम्हाला पातळ करायला सांगतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. कचऱ्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा ड्रम, ड्रमला वेगळ्या रंगाचा पट्टा आणि तोंडाला कुलूप लागणारं फनेल. किल्ली एकाच माणसाकडे, शक्यतो स्टोअरकीपरकडे. त्याच्या हातून ओतलं जाणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि स्टिकर पहिला थेंब पडण्याआधी लावायचा, ड्रम भरल्यावर नाही. स्टिकरवर ओतायला सुरुवात केल्याची तारीख. पुष्कळांना हे जाचक वाटतं. पण कुलूप लावल्यावर कामगार विचारायला येतो, आणि विचारायला आला की ‘हे यात जातं का’ हा प्रश्न योग्य वेळी विचारला जातो.

प्लेटिंगवाल्यांसाठी वेगळं

प्लेटिंगमध्ये, म्हणजे धातूवर निकेल-क्रोमचा मुलामा देण्याच्या कामात, हीच चूक जीव घेऊ शकते. सायनाइडची धुवण आणि ॲसिडची धुवण एकत्र आली की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. दोन्ही नाल्या जमिनीखालून वेगळ्या ठेवा आणि पाइपवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. यात तडजोड नाही.

क्रोमचं वेगळंच दुखणं आहे. नवीन माणूस येतो, क्रोमच्या पिवळ्या पाण्यात चुन्याची पोतीच्या पोती रिकामी करतो आणि विचारतो, ‘गाळ तर खूप बसला, पण पाणी पिवळंच का?’ कारण हे पिवळं, हेक्झाव्हॅलंट क्रोम चुन्याने खाली बसत नाही, पाण्यातच विरघळलेलं राहतं. आधी पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं, त्याने ते ट्रायव्हॅलंट होतं. पाण्याचा पिवळा रंग जाऊन हिरवट छटा येते. ती दिसल्यावर मग चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच साडेआठच्या आसपास न्यायचा, तेव्हा क्रोम गाळात येतं. दोन टप्पे आहेत आणि पहिल्याला वेळ लागतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी या धंद्यात पडू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांचं पिवळं पाणी नासर्डी नदीत जातं, नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरीवर खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा).

रिकामा ड्रम भंगारवाल्याला देणं

या चुकीबद्दल मला खरोखर राग आहे. केमिकलचा रिकामा ड्रम, पिंप, आतली लायनर पिशवी हा नियमांनुसार ३३.१ चा घातक कचरा आहे. पण निळा प्लॅस्टिकचा ड्रम दिसला की भंगारवाला रोख पैसे हातात ठेवतो आणि स्टोअरमधला माणूस ते चहापाण्याचे समजतो.

पुढे तो ड्रम कुठे जातो ते मी पाहिलंय. आपल्याकडे द्राक्षबागा आहेत. औषध कालवायला, पाणी साठवायला निफाड-दिंडोरीकडे निळ्या ड्रमला कायम मागणी असते. एका बागेच्या शेडमध्ये मी तसा ड्रम बघितला होता. वरचं लेबल ओरबाडून काढलेलं, पण कोपऱ्यात ‘सायनाइड’ एवढा शब्द शिल्लक. आत प्यायचं पाणी होतं, वर झाकण आणि झाकणावर पेला. शेतकऱ्याने तो बाजारातून विकत घेतला होता, त्याचा काही दोष नव्हता.

उपाय सोपा आहे. ड्रम अधिकृत डीकंटॅमिनेशन (धुऊन निर्धोक) करणाऱ्याला द्या किंवा पुरवठादाराशी परत घेण्याचा करार करा. तेही होत नसेल तर बाहेर काढण्याआधी ड्रमच्या बुडाला आणि बाजूला मोठी भोकं पाडा. मी तर माझ्या गिऱ्हाइकांना भोकं पाडलेल्या ड्रमचा फोटो रजिस्टरला लावायला सांगतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

कचरा कारखान्यात साठवायची मुदत नव्वद दिवस, आणि नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. ‘गाडी पूर्ण भरली की पाठवू’ हे कारण बोर्ड ऐकत नाही. मुदत वाढवून हवी असेल तर संपण्याआधी लेखी मागा.

लेबल कागदावर छापून चिकटवू नका, पहिल्याच पावसात निघून जातं. नियमानुसार पार्श्वभूमी चकचकीत पिवळी, ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल रंगात आणि हिंदी, इंग्रजी, मराठी तिन्ही भाषांत.

वजन आपल्या काट्यावर करा. पोचल्यावरच्या काट्यात फरक आला की खुलासा करताना तुमच्याकडे स्वतःचा आकडा हवा.

मॅनिफेस्टच्या रंगीत प्रतींपैकी पिवळी आपल्याकडे राहते आणि निळी, कचरा पोचल्यावर, घेणाऱ्याकडून परत येते. निळी हातात पडेपर्यंत तो कचरा माझ्या हिशेबी अजून तुमच्याच गेटमध्ये आहे. कामाचं बरंचसं ऑनलाइन झालं असलं तरी ही सवय सोडू नका. स्वस्तातला ट्रान्सपोर्टर गाठून ‘तोच बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं: रस्त्याच्या कडेला नाल्यात ड्रम सापडले की त्यावरचं नाव तुमचं असतं, ट्रान्सपोर्टरचं नाही.

ड्रायव्हरला ट्रेम कार्ड द्या, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं तो कागद, नियमांतला नमुना (फॉर्म) ९. आणि तो त्याला समजेल अशा भाषेत द्या. तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राला जाणारी गाडी कसारा घाट उतरते. घाटात ड्रम फुटला तर इंग्रजीतला कागद त्याच्या काय उपयोगाचा? मी निघण्याआधी ड्रायव्हरला तो मोठ्याने वाचायला लावतो.

वार्षिक रिटर्न, नमुना ४, ३० जूनच्या आत. मे महिन्यात रजिस्टर लिहायला बसणाऱ्यांचे आकडे कधीच जुळत नाहीत.

‘स्क्रॅप आहे, परवानगी कशाला?’

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि अलीकडे तरुण उद्योजकांमध्ये फार वाढली आहे. परदेशातला भंगाराचा व्यापारी व्हॉट्सॲपवर चकचकीत फोटो पाठवतो, दर इथल्यापेक्षा कमी असतो, आणि आपला माणूस आगाऊ रक्कम भरून मोकळा होतो. माझ्याकडे येतो तेव्हा जहाज निघालेलं असतं.

सिन्नरकडे ॲल्युमिनियम वितळवणाऱ्या एका युनिटचं असंच झालं. स्वच्छ धातूचं भंगार नियमांच्या अनुसूची ३ च्या भाग ‘ड’ मध्ये येतं. त्यासाठी पर्यावरण मंत्रालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, पण कस्टमला नमुना ६ चा मूव्हमेंट डॉक्युमेंट (मालासोबतचा वाहतुकीचा कागद) आणि सोबतचे ठरलेले कागद द्यावे लागतात, आणि जहाजात चढण्याआधीचं तपासणी प्रमाणपत्र लागतं. इथपर्यंत त्याने चौकशी केली होती. पुढचा शब्द त्याने वाचला नव्हता: स्वच्छ.

न्हावा शेव्याला कंटेनर उघडला तेव्हा दाराशी छान बांधलेले गठ्ठे होते. ते काढल्यावर मागे गिअरबॉक्स, इंजिनचे तुकडे, त्यातून गळणारं काळं तेल. कंटेनरची लाकडी फळी त्या तेलाने भिजून गेली होती. मध्ये मध्ये सर्किट बोर्डचे तुकडेही होते. कस्टमने माल रोखला, नमुने घेतले, आणि कागदावर ‘भंगार’ असलेली वस्तू घातक कचरा ठरली. परवानगीशिवाय आलेला घातक कचरा म्हणजे नियमांच्या भाषेत बेकायदेशीर वाहतूक. अशा वेळी आयातदाराने तो ९० दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चाने परत पाठवायचा असतो. शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचा आकार) रोज चढत होतं, बंदराचं भाडं वेगळं, आणि विकणारा फोन उचलेना. शेवटी कंटेनर परत गेला. मूळ मालाच्या किमतीपेक्षा हा खर्च जास्त झाला. भट्टी मात्र तोवर रिकामी.

याच बंदरात याआधी याहून मोठी गोष्ट घडली आहे. वंगणाचं तेल म्हणून आणलेलं घातक वेस्ट ऑइल भरलेले १३३ कंटेनर तिथे पडून होते. ते जाळून नष्ट करण्याचा आदेश २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तिथेही कागदावरचं नाव एक आणि आतला माल दुसराच होता.

मी आता आयात करणाऱ्याला काय सांगतो? ऑर्डर देण्याआधी कस्टम एजंटला आणि मला विचारा, दिल्यावर नाही. करारात ‘तेल, रबर, सर्किट बोर्ड, बॅटरी नाही’ हे शब्द लिहून घ्या. नुसतं ‘चांगल्या प्रतीचं’ चालणार नाही. कंटेनर भरताना रिकाम्या तळापासून दार बंद होईपर्यंतचा सलग व्हिडिओ मागवा, शेवटच्या चौकटीत सीलचा नंबर दिसला पाहिजे. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. आणि ज्या युनिटसाठी माल येतोय त्याच्या कन्सेंटमध्ये (कारखाना चालवायच्या बोर्डाच्या संमतीत) आणि ऑथोरायझेशनमध्ये तो प्रकार आणि तेवढं वजन लिहिलेलं आहे का, ते पुन्हा वाचा. दोन ओळी वाचायचा कंटाळा करू नका.

घातक कचरा फक्त विल्हेवाटीसाठी भारतात आणताच येत नाही. पुनर्वापर, पुनर्प्राप्ती किंवा साधन म्हणून वापर यासाठीच येतो. प्लॅस्टिकच्या घन कचऱ्याची दारं २०१९ मध्ये बंद झाली, सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आणि निर्यातप्रधान युनिटलासुद्धा. जुन्या मित्राने कधीतरी आणला होता म्हणून तुम्हालाही आणता येईल असं धरून चालू नका.

निर्यात म्हणजे फक्त इनव्हॉइस नव्हे

निकेलचा गाळ किंवा सर्किट बोर्ड बाहेरच्या स्मेल्टरला (वितळवून धातू काढणाऱ्या कारखान्याला) विकायचे, अशी विचारणा हल्ली वाढली आहे. कल्पना वाईट नाही, आतला धातू खरोखर परत मिळतो. पण त्याचा रस्ता बाझल करारातून जातो. हा करार १९८९ मध्ये झाला, १९९२ मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी भारताने त्याला मान्यता दिली. श्रीमंत देशांचा विषारी कचरा गरीब देशांच्या किनाऱ्यावर टाकला जायचा, त्याला आळा घालायला तो आला. १९८६ मध्ये फिलाडेल्फियाहून राख घेऊन निघालेलं खियान सी नावाचं जहाज बंदरामागून बंदर हिंडत राहिलं, १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको गावात इटलीहून आलेले विषारी कचऱ्याचे ड्रम सापडले. हे पार्श्वभूमी म्हणून माहीत असलं की फॉर्ममधले प्रश्न का विचारलेत ते समजतं.

प्रत्यक्षात होतं असं: नमुना ५ चा अर्ज मंत्रालयाकडे, विम्याचे कागद सोबत. माल घेणाऱ्या देशाच्या सरकारची लेखी पूर्वसंमती लागते, आणि जहाज ज्या देशांतून जाणार त्यांनाही कळवावं लागतं. त्यांना उत्तर द्यायला करारात ६० दिवस दिलेले आहेत. मग नमुना ६ मालासोबत जातो. १ जानेवारी २०२५ पासून ई-कचरा घातक असो वा नसो, त्यालाही हीच पूर्वसंमती लागू आहे. त्यामुळे ‘सर्किट बोर्ड स्वच्छ आहेत, साधा माल म्हणून जाऊ द्या’ हे आता चालत नाही.

या सगळ्याला काही महिने लागतात. आणि आपला नवउद्योजक गिऱ्हाइकाला तीस दिवसांत डिलिव्हरी कबूल करून बसलेला असतो! मग सुरू होते ‘कुणी ओळखीचं आहे का’ ही शोधाशोध. ओळखीने पूर्वसंमती येत नाही. आणि एक विनंती: बाहेर पाठवण्याआधी देशातच तो धातू काढणारा अधिकृत रिसायकलर आहे का ते बघा. कचरा जिथे तयार होतो शक्यतो त्याच देशात त्याची व्यवस्था लावावी, हे बाझल करारातच लिहिलेलं आहे, आणि मला ते मनापासून पटतं.

पाण्याचं भाडं भरणं

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. तुमच्या ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) गाळात, फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या वडीतसुद्धा, निम्म्याहून जास्त पाणी असतं. म्हणजे गाडीचं आणि लँडफिलचं (कचरा पुरायच्या जागेचं) बिल बहुतांशी पाण्याचं असतं. नियम ४ मध्ये उतरंड दिली आहे: आधी कचरा होऊ न देणं, मग कमी करणं, मग पुनर्वापर, रिसायकलिंग, ऊर्जेसाठी किंवा सिमेंट भट्टीत वापर आणि अगदी शेवटी विल्हेवाट. पण बहुतेक कारखाने शेवटच्या पायरीपासूनच सुरुवात करतात.

पेंटचा गाळ आणि तेलकट चिंध्या सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतात. क्लिंकर (सिमेंट दळण्याआधीचे खडे) साधारण १,४५० अंशांवर तयार होतो, ज्योतीचं तापमान त्याहून जास्त असतं, आणि राखसुद्धा क्लिंकरमध्ये जिरते. लँडफिलला पाठवण्याआधी हा दर नक्की विचारा.

आणि प्लेटिंगवाल्यांनी रॅक (ज्यावर भाग टांगतात तो सांगाडा) टाकीतून वर काढल्यावर लगेच पुढच्या टाकीत बुडवू नये. टाकीवरच दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचा, आडवा थोडा झुकवायचा, थेंब परत टाकीत पडू द्यायचे. पीस रेटवर काम करणाऱ्या मुलांना हे अजिबात आवडत नाही, म्हणून मी टाकीवर आडवा दांडा बसवून घेतो. रॅक तिथे अडकवला की हात मोकळे राहतात. त्यापुढे एक साधी टाकी ठेवा, तिच्यात पहिली धुवण साठेल. गरम निकेल टाकीतलं पाणी वाफेने कमी होतंच, ते भरायला ही धुवण वापरा. मग दोन-तीन टाक्यांतून उलट्या दिशेने पाणी फिरवा. निकेल टाकीत परत जातं, ईटीपीवर भार कमी येतो, गाळ कमी होतो.

जो गाळ उरेल तो पारदर्शक पत्र्याच्या शेडमध्ये, पक्क्या फरशीवर पातळ पसरून वाळवा. फरशीला उतार ईटीपीकडे द्या, म्हणजे निथळलेलं पाणी परत प्रक्रियेला जाईल. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे उन्हाची कमतरता नाही. पावसाळ्यात शेडच्या बाजू ताडपत्रीने बंद करा आणि फिल्टर प्रेसची कापडं जूनच्या आधी बदलून घ्या.